पोट न उघडता पोटातला हर्निया दाखवणारा माणूस: गॉडफ्रे हाउन्सफिल्ड

पोटाच्या सिटी स्कॅनचा रिपोर्ट कधी नीट वाचलाय? त्यात बऱ्याचदा एखाद्या आकड्यापुढे 'एचयू' अशी दोन अक्षरं छापलेली असतात. आपण ती ओलांडून थेट खालचा निष्कर्ष वाचतो. डॉक्टर मात्र त्या आकड्यापाशी थांबतात.

एचयू म्हणजे हाउन्सफिल्ड युनिट. जसं व्होल्ट, वॅट, न्यूटन, तसंच हेही एका माणसाच्या नावाचं एकक. गंमत म्हणजे हा माणूस डॉक्टर नव्हता. त्याच्याकडे विद्यापीठाची पदवीसुद्धा नव्हती. तो ज्या कंपनीत नोकरी करायचा, ती कंपनी गाण्यांच्या रेकॉर्डसाठी प्रसिद्ध होती. तरीही आज पोटात अडकलेला, बाहेरून हाताला न लागणारा हर्निया शोधायचा असेल, तर जगभरातले सर्जन ज्या यंत्राकडे धाव घेतात, ते यंत्र त्याच्या डोक्यातून निघालेलं आहे.

त्या माणसाचं नाव गॉडफ्रे हाउन्सफिल्ड.

हर्निया तर हाताला लागतो, मग फोटो कशाला?

आधी हर्निया म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आपल्या पोटाभोवती स्नायूंची आणि त्यांच्या आवरणांची एक भिंत असते. ही भिंत कुठे विरळ झाली किंवा तिला भोक पडलं, की आतली चरबी किंवा आतडं तिथून बाहेर डोकावतं. यालाच हर्निया म्हणतात. जुन्या मराठीत त्याला अंतर्गळ असा शब्द आहे. जांघेत, बेंबीपाशी किंवा जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांच्या जागी तो जास्त करून होतो.

बहुतेक वेळा निदानाला यंत्र लागत नाही. डॉक्टर पेशंटला उभं करतात, फुगवट्यावर हात ठेवतात आणि खोकायला सांगतात. खोकताच हाताला धक्का जाणवतो.

अडचण येते ती लपून बसलेल्या हर्नियाची. कंबरेच्या हाडात खालच्या बाजूला एक छिद्र असतं. त्यातून आतडं घुसलं तर ते मांडीच्या स्नायूंखाली दडतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. याला ऑबट्युरेटर हर्निया म्हणतात. तो प्रामुख्याने हडकुळ्या, वयस्कर बायकांमध्ये आढळतो. कधी कधी मांडीच्या आतल्या बाजूला दुखतं, आणि घरच्यांना वाटतं की वयोमानाने सांधे धरले असतील. दुसरा एक प्रकार पोटाच्या बाजूला स्नायूंच्या थरांमध्येच अडकून राहतो. अंगाने जाड असलेल्या माणसात तर साधा हर्नियाही चरबीखाली हरवतो.

आणि यात वेळ फार महत्त्वाचा असतो. भोकात अडकलेलं आतडं आवळलं गेलं की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. मग काही तासांतच ते आतडं मरायला लागतं. पुढे ते फुटलं तर जिवावर बेततं.

साध्या एक्स-रेमध्ये हाडं दिसतात आणि फुगलेल्या आतड्यातली हवा दिसते. त्यावरून आतडं कुठेतरी तुंबलंय एवढं कळतं. पण नेमकं कुठे आणि कशामुळे, हे अनेकदा कळत नाही. त्यामुळे एके काळी लपलेला हर्निया सापडायचा तो ऑपरेशन टेबलवर, पोट उघडल्यानंतरच.

हे चित्र ज्याच्यामुळे बदललं, त्याची गोष्ट एका शेतापासून सुरू होते.

गवताच्या गंजीवरून उड्या मारणारा मुलगा

गॉडफ्रेचा जन्म 28 ऑगस्ट 1919 चा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातला. वडिलांनी पहिल्या महायुद्धानंतर एक छोटं शेत घेतलं होतं. पाच भावंडांत गॉडफ्रे शेंडेफळ. मोठी भावंडं आपापल्या उद्योगात, त्यामुळे याला कुणी विचारणारं नव्हतं. त्याने त्या मोकळीकीचा पुरेपूर फायदा घेतला.

शेतावरची यंत्रं कशी चालतात हे तो तासन् तास बघत बसायचा. अकरा-बारा वर्षांचा झाल्यावर त्याने स्वतःच विजेवर चालणारी यंत्रं बनवायला सुरुवात केली. घरी बनवलेलं ग्लायडर घेऊन तो गवताच्या गंजीवरून उड्या मारायचा. एकदा त्याने डांबराची रिकामी पिंपं पाण्याने भरून, ॲसिटिलीन वायूच्या जोरावर ती किती उंच उडतात याचा प्रयोग केला. त्यात तो थोडक्यात बचावला.

शाळेत मात्र प्रगती बेताचीच होती. गणित आणि भौतिकशास्त्र सोडलं तर कशातच डोकं चालायचं नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या सुमारास तो ब्रिटिश हवाई दलात स्वयंसेवक म्हणून दाखल झाला. तिथे रेडिओ मेकॅनिकसाठी ठेवलेली पुस्तकं त्याने वाचून काढली आणि परीक्षा दिली. निकाल असा लागला की विद्यार्थी म्हणून शिकण्याऐवजी त्याला थेट रडार शिकवायलाच बसवलं. शिकवताना लागणारी उपकरणंही तो स्वतः बनवायचा. एका वरिष्ठ अधिकाऱ्याची त्याच्यावर नजर पडली आणि युद्ध संपल्यावर त्यांनी शिष्यवृत्ती मिळवून दिली. त्या पैशावर हाउन्सफिल्ड यांनी लंडनच्या फॅरेडे हाऊस या संस्थेतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेतला. औपचारिक शिक्षण तिथेच संपलं.

एचएमव्हीच्या घरात कॉम्प्युटर

1951 मध्ये ते ईएमआय कंपनीत लागले. हे नाव अनोळखी वाटत असेल तर आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्ड आठवा. ग्रामोफोनच्या भोंग्यासमोर बसलेला कुत्रा, खाली एचएमव्ही ही अक्षरं. तीच ही कंपनी. भारतात कित्येक पिढ्यांनी ज्या तबकड्यांवर नाट्यसंगीत आणि भावगीतं ऐकली, त्या काढणारी भारतातली ग्रामोफोन कंपनी याच ईएमआयच्या कुटुंबातली.

ईएमआयमध्ये संगीताच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक्सचंही मोठं काम चालायचं. हाउन्सफिल्ड आधी रडार आणि क्षेपणास्त्रांच्या विभागात होते. 1958 च्या सुमारास त्यांच्या टीमने एमिडेक 1100 हा कॉम्प्युटर तयार केला. पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा ब्रिटनमधला तो पहिला मोठा कॉम्प्युटर मानला जातो. त्या काळचे ट्रान्झिस्टर मंद होते. वेग वाढवण्यासाठी हाउन्सफिल्ड यांनी चुंबकीय गाभे वापरण्याची युक्ती काढली.

त्यानंतरचा त्यांचा प्रकल्प मात्र फसला. कॉम्प्युटरच्या मेमरीवरचं ते काम धंद्याच्या दृष्टीने परवडणार नाही, असं ठरवून बंद करण्यात आलं. कंपनीने त्यांना लगेच दुसऱ्या कामाला जुंपलं नाही. जरा शांतपणे विचार करून नवीन काय करता येईल ते सुचवा, अशी मुभा दिली.

या मोकळ्या वेळातूनच सिटी स्कॅन जन्माला आला.

बंद पेटीचं कोडं

1967 साली हाउन्सफिल्ड यांच्या डोक्यात एक प्रश्न घोळत होता. एखादी पेटी बंद आहे. ती उघडायची नाही. पण चारी बाजूंनी तिच्यातून किरण आरपार सोडले आणि किती अडले, किती बाहेर आले हे मोजलं, तर आत काय आहे ते सांगता येईल का?

हे समजण्यासाठी पेपरातल्या आकड्यांच्या कोड्यासारखं एक छोटं कोडं घेऊ. चार घरं आहेत, दोन वर, दोन खाली. आकडे लपवलेले आहेत. वरच्या ओळीची बेरीज 3, खालच्या ओळीची 7. डाव्या स्तंभाची बेरीज 4, उजव्याची 6. एवढ्यावर उत्तर पक्कं होत नाही. वर 1 आणि 2, खाली 3 आणि 4 असेही आकडे बसतात. वर 2 आणि 1, खाली 2 आणि 5 असेही बसतात. आता तिरकी बेरीज सांगितली, डावीकडचं वरचं घर आणि उजवीकडचं खालचं घर मिळून 5. झालं, दुसरा पर्याय बाद झाला.

साधा एक्स-रे म्हणजे एकाच दिशेची बेरीज. त्यात कातडी, चरबी, आतडं, हाड सगळं एकावर एक छापलं जातं. हाउन्सफिल्ड यांचं म्हणणं होतं की शेकडो कोनांतून बेरजा घ्या, त्या कॉम्प्युटरला द्या, मग प्रत्येक घरातला आकडा वेगळा काढता येईल. शरीराचा ब्रेडच्या स्लाइससारखा एक पातळ काप घेतल्याप्रमाणे चित्र मिळेल, तेही सुरी न लावता.

हे गणित त्यांच्याआधी दुसऱ्या एकानेही मांडलं होतं. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ ॲलन कॉरमॅक यांनी 1963 आणि 1964 मध्ये त्यावर शोधनिबंध छापले होते. त्यांची फारशी कुणी दखल घेतली नाही. हाउन्सफिल्ड यांनाही त्यांच्याबद्दल काही माहीत नव्हतं.

लेथ मशीन, बैलाचा मेंदू आणि डुकराचं पोट

पहिलं यंत्र जुन्या लेथ मशीनच्या सांगाड्यावर उभं राहिलं. एक्स-रे ट्यूबऐवजी त्यात किरणोत्सारी पदार्थ वापरला होता. त्याचे किरण इतके क्षीण होते की एका वस्तूचा स्कॅन पूर्ण व्हायला 9 दिवस लागायचे. त्यातून 28,000 मोजमापं निघायची आणि ती सोडवायला त्या काळच्या वेगवान कॉम्प्युटरलाही अडीच तास लागायचे. पुढे एक्स-रे ट्यूब बसवल्यावर 9 दिवसांचे 9 तास झाले.

प्रयोगाला आधी रसायनात जतन केलेला माणसाचा मेंदू वापरला. चित्र झकास आलं. पण रसायनामुळे मेंदूतले फरक मुळापेक्षा जास्त उठून दिसत होते, म्हणजे यंत्राची खरी परीक्षा झालीच नव्हती. म्हणून बैलांचे ताजे मेंदू आणले गेले. पाठोपाठ डुकराच्या पोटाचे, मूत्रपिंडाजवळचे काप स्कॅन झाले. सिटी स्कॅनची पोटाशी ओळख झाली ती अशी.

या कामासाठी पैसा कुठून आला? सोशल मीडियावर एक गोष्ट सारखी फिरते, की बीटल्सच्या गाण्यांनी ईएमआयला पैशात लोळवलं आणि त्यातूनच सिटी स्कॅन तयार झाला. बीटल्स ईएमआयचे कलाकार होते हे खरं. पण या संशोधनात ईएमआयपेक्षा कितीतरी जास्त पैसा ब्रिटनच्या आरोग्य खात्याने घातला होता. म्हणजे श्रेय द्यायचंच तर ते करदात्यांना जास्त जातं.

आरोग्य खात्यानेच हाउन्सफिल्ड यांची रेडिओलॉजिस्ट मंडळींशी गाठ घालून दिली. त्यातले जेम्स ॲम्ब्रोज मेंदूचे जाणकार होते. लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मोर्ली हॉस्पिटलमध्ये त्यांच्या देखरेखीखाली पहिलं यंत्र बसलं. 1 ऑक्टोबर 1971 या दिवशी एका महिलेच्या डोक्याचा स्कॅन झाला. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ चित्रात स्पष्ट दिसली. ते चित्र होतं फक्त 80 गुणिले 80 चौकोनांचं. आजच्या मोबाइलवरच्या छोट्याशा आयकॉनएवढं. पण कवटी न उघडता मेंदूतली गाठ अशी आडव्या कापात स्पष्ट पाहणं त्याआधी कुणाला जमलं नव्हतं.

1972 च्या एप्रिलमध्ये ही बातमी जगाला सांगण्यात आली आणि मेंदूच्या डॉक्टरांची या यंत्रावर उडी पडली.

डोकं जमलं, पोट अवघड

डोकं स्कॅन करणं त्या मानाने सोपं होतं. डोकं स्थिर ठेवता येतं. पहिल्या यंत्राला एका स्कॅनसाठी चार-पाच मिनिटं लागायची, तेवढा वेळ पेशंट पडून राहू शकत होता.

पोटाचं तसं नाही. श्वासाबरोबर पोट हलतं. आतडी तर स्वतःहूनच वळवळत असतात. चार मिनिटं श्वास रोखून कोण धरणार? हललेल्या माणसाचा फोटो जसा पुसट येतो, तसंच पोटाचं व्हायचं. त्यामुळे पोटासाठी यंत्र वेगवान करणं भाग होतं. एका श्वासाच्या वेळात एक काप पूर्ण झाला पाहिजे, हे हाउन्सफिल्ड यांचं पुढचं लक्ष्य ठरलं.

या शर्यतीत ते एकटे नव्हते. अमेरिकेत रॉबर्ट लेडली यांनीही पूर्ण शरीराचा स्कॅनर तयार केला होता. ईएमआयच्या यंत्राने वेळ सुमारे 20 सेकंदांपर्यंत खाली आणला. त्याच्या चाचण्यांमध्ये हाउन्सफिल्ड स्वतःच यंत्रात झोपले. 1975 च्या सुमारास लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलमध्ये लुई क्रील या रेडिओलॉजिस्टच्या हाताखाली पोटाचे आणि छातीचे स्कॅन नियमित होऊ लागले.

आता पोटाची भिंत आडव्या कापात दिसू लागली. कुठला स्नायू अखंड आहे, कुठे भोक आहे, भोकातून काय बाहेर आलंय, हे बोट ठेवून दाखवता येऊ लागलं.

काळ्या-पांढऱ्यामागचे आकडे

हाउन्सफिल्ड यांची खरी करामत या चित्रामागे आहे. त्यांच्या यंत्रातून चित्राच्या आधी आकडे निघतात. प्रत्येक चौकोनाला एक आकडा मिळतो आणि त्या आकड्यावरून त्याला करडी छटा दिली जाते.

पट्टी अशी आहे: पाण्याला शून्य. हवेला उणे 1000. सुरुवातीच्या यंत्रात हवेला उणे 500 धरलं होतं, नंतर पट्टी दुप्पट केली गेली. चरबी उणे 100 च्या आसपास येते. स्नायू आणि आतड्याची भिंत शून्याच्या थोडी वर, साधारण 30 ते 60. टणक हाड 1000 किंवा त्याहून वर.

आता हा हिशेब हर्नियाला लावून बघा.

भोकातून बाहेर आलेल्या गोळ्याचा आकडा उणे 100 च्या जवळ असेल, तर ती बहुतेक नुसती चरबी आहे. सहसा जिवाची घाई नसते. गोळ्याच्या मधोमध उणे 1000 कडे झुकणारा हवेचा ठिपका आणि भोवती स्नायूसारखी भिंत दिसली, तर ते आतडं आहे. आता सावध व्हायला हवं.

त्या आतड्याभोवतीच्या चरबीचा आकडा उणे 100 वरून शून्याकडे सरकू लागला, तर चरबीत पाणी शिरतंय, म्हणजेच सूज येतेय. मग शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन केलेला स्कॅन पाहतात. जिवंत आतड्यात रक्त खेळत असतं, त्यामुळे औषध पोहोचून भिंतीचा आकडा वर चढतो. ज्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटलाय, त्याचा आकडा नीट वर चढत नाही. आणि हवा आतड्याच्या बाहेर सापडली, तर आतडं फुटलं असण्याची दाट शंका घेतात. असा रिपोर्ट हातात आला की ऑपरेशन थिएटर तयार ठेवलं जातं.

मांडीत दडलेला ऑबट्युरेटर हर्निया, जो पूर्वी पोट उघडल्याशिवाय कळायचा नाही, तो आज सिटी स्कॅनमध्ये ऑपरेशनच्या आधीच ओळखता येतो. मोठ्या हर्नियात भोक किती सेंटिमीटरचं आहे हे मोजून सर्जन जाळी किती मोठी लागेल याचा अंदाज बांधतात.

मग प्रत्येक हर्नियाला सिटी स्कॅन हवा का?

नाही. उघड दिसणाऱ्या हर्नियाला डॉक्टरांचा हात पुरतो. शंका असेल तर बहुतेक वेळा आधी सोनोग्राफी करतात. ती स्वस्त आहे, तिच्यात एक्स-रे किरण नाहीत, आणि पेशंटला उभं करून, खोकायला लावून हर्निया बाहेर येताना प्रत्यक्ष पाहता येतो.

सिटी स्कॅनची ही एक मर्यादाच आहे. पेशंट आडवा झोपला की छोटा हर्निया आत सरकतो आणि चित्रात सापडत नाही. म्हणून स्कॅनच्या वेळी कधी कधी पोटावर जोर द्यायला सांगतात. शिवाय सिटी स्कॅनमध्ये किरणांचा डोस साध्या एक्स-रेपेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे लपलेला हर्निया, जाड माणूस, पुन्हा झालेला किंवा गुंतागुंतीचा हर्निया, आणि आतडं अडकल्याची शंका, अशा वेळीच तो खरा कामाला येतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. फुगवटा आत जाईनासा झाला, तो कडक होऊन दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, शौच आणि वायू सरणं बंद झालं, तर घरी शेकत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा.

नोबेल, आणि तरीही तसाच माणूस

1979 चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार हाउन्सफिल्ड आणि कॉरमॅक यांना विभागून मिळाला. एकमेकांच्या कामाची कल्पना नसताना दोघं एकाच उत्तरापर्यंत पोहोचले होते. वैद्यकशास्त्राचं नोबेल, आणि दोघांपैकी डॉक्टर एकही नाही. दोघांकडे पीएचडीही नव्हती.

ईएमआयला मात्र हा धंदा झेपला नाही. मोठ्या अमेरिकन आणि जर्मन कंपन्या मैदानात उतरल्या, नुकसान वाढत गेलं आणि ज्या कंपनीने सिटी स्कॅन जगाला दिला, ती काही वर्षांतच त्यातून बाहेर पडली.

हाउन्सफिल्ड यांना 1981 मध्ये सर ही पदवी मिळाली. राहणी काही बदलली नाही. त्यांनी लग्न केलं नाही. आयुष्याचा बराच काळ त्यांचं स्वतःचं घरही नव्हतं. डोंगरदऱ्यांत लांब पायी फिरणं आणि स्वतःच शिकलेला पियानो वाजवणं, एवढेच शौक. सिटी स्कॅननंतर ते एमआरआयच्या कामाकडे वळले आणि निवृत्तीनंतरही हॉस्पिटलांना सल्ला देत राहिले.

12 ऑगस्ट 2004 रोजी, 85 वा वाढदिवस अवघ्या दोन आठवड्यांवर आलेला असताना, त्यांचं निधन झालं. तोवर त्यांचं 9 दिवसांचं यंत्र सेकंदांवर आलं होतं, आणि एकाच श्वासात छातीपासून जांघेपर्यंतचे काप निघू लागले होते. पण आकड्यांची पट्टी बदलली नाही. कुठल्याही देशातल्या, कुठल्याही कंपनीच्या सिटी स्कॅन मशीनवर आजही पाणी शून्यच असतं, आणि चरबी, आतडं, रक्त, हवा सगळं त्या शून्यापासूनच मोजलं जातं.